भरती कोणाची?

दर सोमवारी सकाळी पहिल्या आरटीसी बसनं मी तेलंगणातल्या आदिलाबादला जातो. पिशवीत कोऱ्या कागदांचा दस्ता, दोन पेनं, चष्म्याची डबी आणि चिवड्याची पुडी. सोमवारी कलेक्टर कचेरीत प्रजावाणी असते. लोकांनी आपलं गाऱ्हाणं लिहून आणायचं, रांगेत उभं राहून साहेबांच्या हाती द्यायचं आणि पोच घेऊन घरी जायचं. मी सरकारी मराठी शाळेचा निवृत्त मास्तर. पैनगंगेच्या अलीकडची ही बेला, जैनथ, तामसी, भीमपूरकडची गावं. घरात मराठी, बाजारात अर्धी तेलुगू अर्धी हिंदी, कचेरीत निव्वळ तेलुगू. बोलायला तिन्ही भाषा येतात, लिहायची वेळ आली की हात अडखळतो. म्हणून लोक मला शोधत येतात. पैसे मी घेत नाही. पिशवीत कुणी चार वांगी टाकली तर मात्र काढून ठेवत नाही.

मागे एका सोमवारी कचेरीबाहेरच्या झाडाखाली दोघं लागोपाठ आले. आधी एक बाई. "गुरुजी, मालकायले भरती केलं होतं जी. डाक्टर नाई म्हनून दोन दिसात काढून देलं. नागपूरले न्या म्हनते. म्या कशी नेऊ?" तिचा अर्ज लिहून होतो न होतो तोच मागचा पोरगा पुढं सरकला. "सर, माझंही भरतीचंच आहे." मी विचारलं, "कोण आहे दवाखान्यात?" तो हसला. घरात कुणी आजारी नव्हतं. त्यानं प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स केलाय, तीन वर्षं झाली, आणि तो मोबाइलच्या दुकानात काचा चिकटवतो. त्याला नोकरभरतीबद्दल विचारायचं होतं.

एक अर्ज आरोग्य खात्याच्या नावे, दुसरा रोजगाराच्या. विषय दोन्हींचा एकच: भरतीबाबत. मराठीत शब्द एकच आहे. समुद्राची भरती तेवढी आमच्या जिल्ह्यात येत नाही, बाकी दोन्ही भरत्यांची वाट पाहण्यात इथल्या माणसाचं आयुष्य जातं. आणि त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला जे सुचलं ते खरं तर आधीच सुचायला हवं होतं. बाईच्या नवऱ्याला ज्या दवाखान्यात भरती ठेवून घेतलं नाही, तिथेच त्या पोराची भरती झालेली नाही. तपासणी करणारा नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी करू शकणारा मोबाइलच्या काचा चिकटवतोय. आम्ही अर्ज दोन खात्यांना देतो, दुखणं एकच आहे.

हे गाऱ्हाणं महाराष्ट्रातल्या वाचकापुढं का मांडतोय, असं कुणी विचारील. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते पलीकडं गेले, आम्ही अलीकडं राहिलो. रेघ नकाशावर पडली, दुखण्याला ती कळत नाही. किनवट-माहूरकडचे रुग्ण आजही आदिलाबादच्या रिम्स या सरकारी दवाखान्यात येतात. आमचे रुग्ण यवतमाळ, सावंगी, सेवाग्राम, नागपूर असे जातात. केरामेरी मंडलातल्या सीमेवरच्या गावांवर तर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे दोन रेशनकार्डं आहेत, दोन मतदारयाद्या आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनं चौदा गावं आपल्याकडं घेण्याची घोषणाही केली. दोन सरकारं असली की माणसाची दुप्पट काळजी घेतली जाईल असं वाटतं. तसं होत नाही. रस्ता कुणी करायचा, डॉक्टर कुणी पाठवायचा, हे विचारायला गेलं की प्रत्येक जण नदीच्या दुसऱ्या काठाकडं बोट दाखवतो.

रिम्सबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. २००८ साली राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री असताना हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी इथल्या माणसाला हैदराबाद गाठायचं तर तीनशे किलोमीटर. रिम्स झाल्यावर गावागावांतून आलेल्या बाळंतिणी तिथं सुखरूप सुटल्या, त्यांतली काही बाळं पुढं माझ्या वर्गात होती. पुढं केंद्राच्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून सुपर स्पेशालिटी इमारतीला मंजुरी मिळाली. खर्च १५० कोटी, त्यात केंद्राचे १२० आणि राज्याचे ३०. २०२२ च्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री हरीश राव यांनी तिचं उद्घाटन केलं. इमारत देखणी आहे. पण हृदयाचे, मेंदूचे, मूत्रपिंडाचे तज्ज्ञ मिळत नाहीत, जाहिराती निघतात, येणारे थोडे आणि टिकणारे त्याहून थोडे, अशाच बातम्या उद्घाटनानंतर आम्ही वाचत आलो.

आता तर जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार जिल्हे झाले आणि चौघांनाही एकेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं: मंचेरियालला २०२२ मध्ये, निर्मल आणि आसिफाबादला २०२३ मध्ये. एका जिल्ह्याला पुरेसे प्राध्यापक मिळत नव्हते, ते आता चार ठिकाणी शोधायचे. २०२५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं अध्यापकांच्या कमतरतेवरून तेलंगणातल्या बऱ्याच सरकारी महाविद्यालयांना नोटिसा दिल्या, यात नवल ते काय.

डॉक्टरांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. मी ते करणार नाही. माझा एक विद्यार्थी डॉक्टर झालाय, हैदराबादला असतो. त्याला म्हटलं, "ये की रे गावाकडं." तो म्हणाला, "गुरुजी, एक वर्षाचा करार. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही माहीत नाही. बायकोची नोकरी इथं, पोरीची शाळा इथं. तिकडं ऑपरेशन करायचं तर भूल देणारा पाहिजे, तो नाही. मग मी तिथं बसून काय करू, रेफरच्या चिठ्ठ्या लिहू?" मला त्याला उत्तर देता आलं नाही.

रेफर हा शब्द आमच्याकडं आता अडाणी म्हातारीलाही येतो. आमच्याच घरातली गोष्ट. वहिनींना पहाटे लकवा मारला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता पाठ आहे. गावातून निघायला अर्धा तास, सरकारी दवाखाना गाठायला तासभर. कुठला दवाखाना आणि सीमेच्या कुठल्या बाजूचा, ते लिहीत नाही, कारण गोष्ट एका दवाखान्याची नाही. तिथं यंत्र होतं. त्याचा फोटो पाहून निर्णय घेणारा माणूस नव्हता. तास-दीड तासानं चिठ्ठी मिळाली: रेफर. नागपूर आमच्यापासून दोनशेच्या आसपास किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४४ गुळगुळीत आहे, गाडी उत्तम पळाली, आणि आम्ही पोचलो तेव्हा साडेचार तास कधीच उलटून गेले होते. खिडकीवरचा पोरगा आमचं कार्ड उलटंपालटं करत म्हणाला, "काका, हे तिकडचं आहे." तेलंगणा २०२१ मध्ये आयुष्मान भारतमध्ये सामील झालाय, कागदोपत्री कार्डाला राज्याची सीमा नसते, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मी खिशातले पैसे मोजत होतो. वहिनी जगल्या. डाव्या हातानं जेवायला शिकल्या. त्यांच्याबद्दल एवढंच.

दवाखान्यानं परत पाठवलेले आम्हीच पहिले नाही. हाकीम शेख नावाचा पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. कोलकात्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालयं त्याला परत पाठवत गेली, कुठं खाट नाही, कुठं सोय नाही. शेवटी खाजगी दवाखान्यात उपचार झाले. त्याच्या मजूर संघटनेनं खटला लढवला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वेळेवर तातडीचे उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजार भरपाई मिळाली. शेतमजुराला जे कळलं ते आम्हा शिकलेल्यांना इतक्या वर्षांत का कळू नये? त्याच्या खटल्याचा अर्थ एवढाच की खाट ही त्याच्या हक्काची होती. आम्ही काय करतो? आमदाराच्या पीएला फोन करतो. "भाऊ, जरा एक बेड बघा ना." मीही केलेत असे फोन, खोटं कशाला बोलू. खाजगी दवाखान्यात कर्ज काढून उपचार करायचे, मग मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, आणि सहा-आठ महिन्यांनी सभागृहात रांगेनं बसून पुढाऱ्याच्या हातून धनादेश घ्यायचा. फोटो निघतो, टाळ्या पडतात. जो पैसा दवाखान्यात डॉक्टरच्या पगारावर खर्च व्हायचा, तो आम्हाला उपकार म्हणून परत मिळतो आणि आम्ही वाकून नमस्कार करतो.

१९९६ वरून आठवलं. त्याच दशकात आमची सिमेंट फॅक्टरी बंद पडली. आदिलाबादमध्ये "सीसीआय" म्हटलं की विचारावं लागतं, कुठली? एक कापसाची, भारतीय कापूस महामंडळाची. ती दर हंगामात चर्चेत असते, कापसात बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की शेतकऱ्याला परत पाठवते, आणि २०२५ पासून मोबाइलवर नंबर लावायला सांगते. दुसरी सिमेंटची, केंद्र सरकारचीच, भारतीय सिमेंट महामंडळाची. १९८४ च्या सुमारास तिथं उत्पादन सुरू झालं. आमच्या पिढीत पोराला तिथं नोकरी लागली म्हणजे लग्न ठरलंच. चुनखडी इथली, जमीन इथली, रेल्वे दाराशी. तरी काही वर्षांतच कुलूप लागलं. महामंडळ आजारी ठरलं, २००६ च्या पुनर्वसन योजनेत देशातले तीन कारखाने चालू ठेवायचे आणि बाकीचे मोडीत काढायचे ठरलं. आमचा तांडूरचा भाऊ-कारखाना वाचला, आम्ही मोडीच्या यादीत गेलो.

ही यादी गुप्त नव्हती. तरीही त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत फॅक्टरी पुन्हा सुरू करण्याचं आश्वासन मिळालं. राज्यातल्या मंत्र्यांनी केंद्राला पत्रं लिहिली, केंद्रातल्यांनी राज्यानं काय सवलती दिल्या ते विचारलं. २०२५ मध्ये यंत्रसामग्री भंगारात विकण्याची निविदा निघाली तेव्हा सगळ्या पक्षांनी निषेध केला. सगळ्याच पक्षांनी निषेध केला तर मग निविदा काढली कोणी, हा माझ्यासारख्या मास्तराला पडणारा भाबडा प्रश्न. आमचे आजचे खासदार गोडम नागेश २०१४ मध्ये टीआरएसचे म्हणून निवडून गेले होते, २०२४ मध्ये भाजपचे म्हणून गेले. त्यांच्यावर टीका करायची नाही. माणूस तोच, मतदार तेच, फॅक्टरीचं कुलूपही तेच, एवढंच नोंदवून ठेवतो.

बेकारभत्त्याचंही असंच. २०१८ च्या निवडणुकीत टीआरएसनं महिना ३,०१६ रुपयांचं वचन दिलं. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १,८१० कोटींची तरतूदही वाचून दाखवली गेली. एकाही पोराच्या खात्यात रुपया आला नाही. २०२३ च्या मे महिन्यात काँग्रेसनं हैदराबादच्या सभेत आकडा ४,००० वर नेला, सोबत दोन लाख नोकऱ्या. पुढं २०२५ मध्ये राजीव युवा विकासम नावाची कर्ज-अनुदानाची योजना आली, अर्ज भरून घेतले, आणि मंजुरीची पत्रं वाटण्याची तारीख पुढं ढकलली गेली. मोबाइलच्या दुकानातल्या त्या पोरानं तोही अर्ज भरला होता. मला त्यानं पोच दाखवली. त्याच्याकडं माझ्यापेक्षा जास्त पोचपावत्या आहेत.

आता मला जे म्हणायचं आहे ते. आमच्या जिल्ह्याला हिशेब मागायची पद्धत माहीत नाही असं नाही. २००६ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय रोजगार हमी पहिल्यांदा ज्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाली, त्यांत आदिलाबाद होता. कल्पना मूळची महाराष्ट्राची, वि. स. पागे यांची, पण तिचा हिशेब चावडीवर वाचून दाखवण्याची शिस्त तेव्हाच्या आंध्रानं लावली. सामाजिक लेखापरीक्षण. गावातलीच पोरं हजेरीपट घेऊन दारोदार जायची: "मावशी, तुमच्या नावावर बारा दिवस आहेत, किती दिवस गेला होता?" मग मंडलाच्या ठिकाणी प्रजा वेदिका भरायची, सगळ्यांसमोर नावं वाचली जायची. मी एकदा मेलेल्या माणसाची हजेरी वाचली गेलेली ऐकली आहे. अख्खा मांडव हसला, आणि खुर्चीतला माणूस घामाघूम झाला. त्या घामाला मी लोकशाही म्हणतो.

मग जे खणलेल्या मातीला लागू झालं ते दवाखान्याला का नाही? वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांची हजेरी २०२५ च्या मेपासून मोबाइलवर चेहरा दाखवून लागते. ती दिल्लीला दिसते. दवाखान्याच्या दारात रुग्ण घेऊन उभ्या असलेल्या बाईला दिसत नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, कलम चारमध्ये, कार्यालयातल्या माणसांची यादी आणि त्यांचे पगार कुणी न मागता जाहीर करावेत असं २००५ पासून लिहिलेलं आहे. माझी मागणी अगदी छोटी आहे. दारात एक फळा लावा. मंजूर पदं किती, भरलेली किती, आज हजर कोण. तेलुगूत लिहा, मराठीत लिहा, गोंडीत लिहा. शेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक रेफरचं कारण तिच्यात नोंदवा: खाट नव्हती, यंत्र बंद होतं, की माणूस नव्हता. तीन महिन्यांनी ती वही प्रजा वेदिकेसारखी सगळ्यांसमोर वाचा. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख या नावानं आरोग्य केंद्रांच्या जनसुनवाया झाल्या आहेत, म्हणजे हे अशक्य नाही.

साफसफाईवाले, वॉर्डबॉय, पहारेकरी हे बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचे असतात. त्यांच्याही नावांची यादी त्या फळ्यावर हवी आणि पगाराची तारीख हवी. दवाखाना हा आमच्यासारख्या बिनकारखान्याच्या जिल्ह्यात सगळ्यात मोठा कारखाना आहे, हे सरकारच्या ध्यानात येत नाही.

मोजलं की काम होतं, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. नारनूर हा गोंडांचा, डोंगरातला मागास भाग. केंद्राच्या आकांक्षी तालुक्यांच्या कार्यक्रमात तो निवडला गेला. गरोदर बायांची नोंदणी, मुलांचं वजन, असे आकडे नियमित पाहिले जाऊ लागले. त्या कामासाठी २०२५ च्या नागरी सेवा दिनी आमच्या जिल्हाधिकाऱ्यांना पंतप्रधानांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. मला त्याचा अभिमान वाटतो, टोमणा नाही मारत. फक्त, ते आकडे दिल्लीतून पाहणारे साहेब होते. नारनूरची बाई स्वतः ते पाहू शकली तर साहेबांची बदली झाल्यावरही कुणीतरी पाहत राहील.

परवाच्या सोमवारी तो पोरगा पुन्हा आला. त्याला म्हटलं, या वेळी तू लिही, मी सांगतो. भरती द्या असं लिहू नको. माहितीच्या अधिकारात विचार: प्रयोगशाळा तंत्रज्ञांची मंजूर पदं किती, रिकामी किती, कधीपासून, भरण्यासाठी शेवटचं पत्र कोणी कोणाला पाठवलं. आमच्या राज्यात गावपातळीवर या अर्जाला शुल्क नाही, मंडलाला पाच रुपये, जिल्ह्याला दहा. त्यानं खिशातून दहाची नोट काढून कागदावर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर मोबाइल ठेवला, आणि लिहायला लागला. अक्षर बरं आहे, माझ्याच शाळेचं.

खाली आल्यावर पेन थांबलं. "सर, शेवटी 'नम्र विनंती' लिहायचं ना?"

चाळीसेक वर्षं मी पोरांकडून अर्जाचा हाच नमुना घोटून घेतला होता.

"नको," मी म्हटलं. "आजची तारीख टाक. आणि तीस दिवसांनंतरची माझ्या वहीत लिहून ठेव."